साखरेचं पाणी आणि पोटाचं अस्तर

गांटरचा १९२३ चा प्रयत्न, टेनकॉफची नळी, १९७६ ची पॉपोविच-मॉनक्रीफ यांची कल्पना, टोरांटोत ओरिओपूलस यांनी बाटलीऐवजी आणलेली पिशवी. पोटाच्या डायलिसिसचा हा इतिहास पुन्हा उगाळत नाही. मला लिहायचं आहे ते पिशवीतल्या साखरेबद्दल.

अंगातलं जास्तीचं पाणी पोटात ओढून घ्यायला ग्लुकोज लागतं. पिशवी निर्जंतुक करताना ते तापतं आणि कढईतल्या साखरेसारखं करपू लागतं. करपणं कमी व्हावं म्हणून पिशवीतलं पाणी आम्लधर्मी ठेवतात, पीएच साधारण ५.५. तरीही मिथाइलग्लायॉक्झल, ३-डीऑक्सिग्लुकोसोन अशी करपलेली द्रव्यं तयार होतातच. ती पेरिटोनियमच्या, म्हणजे पोटाच्या अस्तराच्या, प्रथिनांना चिकटतात. वरचा पेशींचा नाजूक थर झडतो, खालचा जाडावतो, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. मग साखर झटकन रक्तात शोषली जाते, पाणी निघेनासं होतं आणि डॉक्टर आणखी कडक, म्हणजे जास्त साखरेची, पिशवी लिहून देतात. अस्तराचं नुकसान त्यातून वाढतच जातं. २००२ मध्ये कार्डिफच्या मंडळींनी बायोप्सी मोजून दाखवल्या: पेशींच्या थराखालचा पट्टा निरोगी माणसात ५० मायक्रॉन, पोटाचं डायलिसिस घेणाऱ्यांत २७०, आठ वर्षांपुढे ७००.

म्हणूनच दोन कप्प्यांच्या पिशवीसाठी मी इतकी वर्षं भांडलो. एका कप्प्यात ग्लुकोज अतिआम्ल द्रावणात तापतं, दुसऱ्यात आम्ल शमवणारं बफर असतं. वापरण्याआधी दोन्ही मिसळली की पाणी जवळजवळ उदासीन होतं आणि करपलेले पदार्थही फार कमी उरतात. आमच्या मूत्रपिंडतज्ज्ञांतले काही ज्येष्ठ म्हणतात, फायदा सिद्ध झालेला नाही. अशा पाण्याची परीक्षा घेणाऱ्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या बॅलन्झ चाचणीत (२०१२) मूत्रपिंडाच्या उरलेल्या कामाची घसरण लक्षणीय मंदावली नाही, सुरुवातीला पाणीही कमी निघालं, हे मान्य. पण लघवी जास्त काळ टिकली आणि पेरिटोनायटिसचं, म्हणजे अस्तराच्या संसर्गाचं, प्रमाण रुग्णामागे वर्षाला ०.४९ वरून ०.३० वर आलं. एवढं असूनही 'महाग आहे' म्हणून विषय बंद करणं मला पटत नाही.

ग्लुकोजऐवजी वापरलं जाणारं आयकोडेक्स्ट्रिन रात्रभराच्या पाण्यासाठी उत्तम, फक्त काही ग्लुकोमीटर त्यामुळे रक्तातली साखर खोटी जास्त दाखवतात, हे घरच्यांना सांगून ठेवावं.

घरीच पोटाचं डायलिसिस करणारे सांगलीकडचे एक मास्तर आठवतात. निघालेलं पाणी गढूळ नाही ना, हे पाहायला ते पिशवी वर्तमानपत्रावर धरायचे. अक्षरं वाचता आली की समाधानानं मान हलवायचे. वहीत लिहायचे: आत २००० मिली, बाहेर २४००. पाय सुजले की एका रुग्णालयात त्यांना लागोपाठ ४.२५ टक्के साखरेच्या लाल पिशव्या देत राहिले. अस्तरातून साखर किती वेगानं शोषली जाते ते दाखवणारी पेट चाचणी कुणी केली नाही, मिठाबद्दल कुणी विचारलं नाही. ट्वार्डोव्स्कींनी १९८७ मध्ये मांडलेली पेट चाचणी चार तासांची; आज आमच्या निवासी डॉक्टरांना तिचं नाव परीक्षेपुरतंच येतं. मास्तर माझ्याकडे आले तेव्हा वही बरोबर होती. पहिल्या वर्षी बाहेर २४००, मग २२००, मग २०५०. शेवटच्या पानावर १८५०. आकडे निळ्या शाईत, शेजारी तारीख आणि वेळ. ती वही उघडून बघणारा मी पहिलाच, असं ते म्हणाले.