पऱ्हाटीचे इंधन आणि मोबाइलवरचा वर्ग

वऱ्हाडातील साखरखेर्डा परिसरात कापसाची वेचणी आटोपली की शेतात पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या झाडांचे वाळलेले सांगाडे, उरते. ती चुलीसाठी नेली जाते किंवा बांधावर पेटवली जाते, आणि बराच काळ उभी राहिली तर बोंडांत दडलेल्या गुलाबी बोंडअळीला आश्रय देते.

हीच पऱ्हाटी यंत्रात बारीक करून, ओलावा सुमारे दहा टक्क्यांवर आणून, साच्यातून दाबली की उष्णतेने लाकडातील लिग्निन हा नैसर्गिक घटक मऊ होतो आणि वेगळा डिंक न घालताही घट्ट गोळ्या, म्हणजे पेलेट, तयार होतात. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात असे जैवइंधन मिसळावे, असे केंद्र सरकारचे 2021 पासूनचे धोरण असल्याने शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारसच्या केंद्रासारखे ग्राहक संभवतात. मात्र विखुरलेल्या शेतांतून माल गोळा करून वाहण्याचा खर्चच नफा-तोटा ठरवतो.

हा खर्च सांभाळणे आणि यंत्र नीट चालवणे शिकावे लागते, आणि ऑनलाइन शिक्षणाची संधी इथेच आहे. 1989 पासूनचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि 2017 चे ‘स्वयम्’ हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ यांमुळे दूरशिक्षण अनोळखी राहिलेले नाही, पण ओलावा ओळखणे, साचा चोंदल्यास मोकळा करणे, वाहतुकीचा हिशेब मांडणे यांवरचे वऱ्हाडी बोलीतील छोटे सशुल्क पाठ आणि त्यांना जोडून प्रत्यक्ष यंत्रावरचा सराव देणारा स्थानिक तरुण पेलेटनिर्मिती आणि ऑनलाइन शिकवणी हे दोन्ही व्यवसाय एकत्र चालवू शकतो. निव्वळ चित्रफिती विकण्यापेक्षा हा मार्ग अधिक भरवशाचा दिसतो.