राखेच्या बुधवाराआधी

गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरी आणलेली झावळी वसईतल्या अनेक कॅथलिक घरांत वर्षभर क्रुसाशेजारी खोचलेली असते. प्रायश्चित्तकाळ जवळ आला की अशा वाळक्या झावळ्या चर्चमध्ये परत जातात. त्या जाळून जी राख होते, तीच राखेच्या बुधवारी भाविकांच्या कपाळावर लागते. मला वाटतं, तयारी खरी इथूनच सुरू होते.

बुधवारपासून ईस्टरपर्यंत दिवस भरतात 46. त्यातले सहा रविवार वगळले की येशूने अरण्यात काढलेल्या 40 दिवसांशी मेळ बसतो. या काळातल्या उपवासाकडे साबुदाणा-वरईच्या सवयीने पाहू नये. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोन दिवशी 18 ते 59 वयाच्या धडधाकट माणसाने एकदाच पोटभर जेवायचं, मांस टाळायचं, असा नियम.

पण पोटापेक्षा मनाची तयारी अवघड. शेजाऱ्याशी बांधावरून अबोला असेल तर आधी तो मोडावा. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू वेदीवर अर्पण वाहण्याआधी भावाशी समेट करायला सांगतो. मग पापनिवेदन. प्रार्थनेची वेळही आधीच ठरवलेली बरी: पहाटेचा पाव तास, फोन दुसऱ्या खोलीत, उशाशी बायबल. ‘जमेल तेव्हा’ म्हटलं की ते कधीच जमत नाही. शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाची वाट असते, 14 स्थानांची. थकून आलात तरी शेवटच्या बाकावर बसा. तेही चालतं.