नूडल्सना आधी शिळं होऊ द्या

धुळ्याच्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे : ‘कामावरून घरी पोचायला साडेसात वाजतात. पोरं नूडल्स मागतात. गाडीवरच्या नूडल्स कशा सुट्या सुट्या असतात, माझ्या कढईत मात्र लगदा होतो. गाडीवाले त्यात असं काय घालतात?’

काही घालत नाहीत, ताई. अजिनोमोटो घालत असतील, पण तो चवीचा मामला. मोकळेपणाशी त्याचा संबंध नाही. सगळा महिमा मोठ्या आचेचा, असंही म्हटलं जातं. तेही अर्धंच खरं. एकदा गाडी लागत असताना, दिवेलागणीच्या आधी जाऊन पाहा. नूडल्स उकडून, निथळून, तेलाचा हात लावून परातीत पसरलेल्या दिसतील, अगदी गार. शेगडी अजून पेटलेलीही नसते. खरं काम तिथंच होऊन गेलेलं असतं.

मैद्याच्या पिष्टात दोन प्रकारचे रेणू असतात : सरळ, लांबलचक अमायलोज आणि बाभळीच्या फांदीसारखं फाटे फुटलेलं अमायलोपेक्टिन. 60 अंशांच्या आसपास पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि अमायलोज बाहेर सांडतं. तीच ती चिकट खळ. पातेल्यातून थेट कढईत टाकलेल्या नूडल्स या खळीत माखलेल्या असतात, लगदा होणारच. गार झाल्यावर मात्र अमायलोजचे रेणू एकमेकांना बिलगून घट्ट होतात. पुन्हा सुटायला त्यांना 120 अंशांच्या वर तापमान लागतं, म्हणजे उकळत्या पाण्यालाही ते दाद देत नाहीत. फाटेवालं अमायलोपेक्टिन फ्रिजमध्ये हळूहळू कडक होतं, पण 60 अंशांना परत मऊ पडतं. म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेल्या नूडल्स कढईत गरम झाल्या की मऊ होतात, पण आकार सोडत नाहीत. फोडणीच्या भाताला आदल्या दिवशीचाच भात हवा, हे आपल्या घरात कुणी शिकवावं लागत नाही, कारण तेच.

या शिळेपणाचा छडा लावणाऱ्या माणसाचं नाव पाककलेच्या पुस्तकांत क्वचितच सापडतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं. बंद डब्यात ठेवलेला, थेंबभरही पाणी न गमावलेला पाव शिळा होतो, हे फ्रान्सच्या बूसँगोने 1852 मध्ये दाखवून दिलं होतं. म्हणजे शिळं होणं आणि वाळणं एक नव्हे. पण मग होतं काय, याच्या मागे लागला ॲमस्टरडॅमचा जे. आर. कात्झ. त्याला स्वयंपाकाची हौस नव्हती. प्रश्न होता बेकरी कामगारांच्या रात्रपाळीचा. लोकांना सकाळी ताजा पाव हवा, म्हणून कामगारांनी रात्रभर जागायचं. पाव ताजा राखता आला तर त्यांना झोप मिळेल! कात्झला आढळलं की 60 अंशांच्या वर ठेवलेला पाव शिळा होत नाही आणि गोठणबिंदूच्या जरा वर सर्वांत लवकर होतो. पुढे क्ष-किरणांनी त्याने शिळ्या पिष्टात रेणूंची परतलेली शिस्तही दाखवली. पाव फ्रिजमध्ये ठेवू नये आणि उकडलेल्या नूडल्स ठेवाव्यात, हे दोन्ही सल्ले त्याच कामातून निघतात.

आता आचेचा हिशोब. चौघांसाठी चिरलेल्या कोबी-कांद्यातून 100 ग्रॅम पाणी सुटलं असं धरा. ते उडवायला सुमारे 226 किलोजूल लागतात. घरच्या मोठ्या बर्नरची उष्णता कढईपर्यंत पोचते ती फार तर दीड किलोवॅट. म्हणजे अडीच मिनिटं कढई शंभर अंशांवर अडकून पडणार. ते परतणं नव्हे, वाफवणं. उपाय फुकटचा आहे : दोन-दोन माणसांपुरतंच परता, भाजी आधी, नूडल्स शेवटी.

हे झालं मैद्याच्या नूडल्सचं. पण ही सगळी खटपट खानदेशातल्या बायका चैत्र-वैशाखातच उरकून ठेवतात. गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदललं जातं, तरी आंबूस वास येतोच. तो जिवाणूंचा उद्योग. त्यांच्यामुळे प्रथिनांच्या जाळ्यातून पिष्टाचे कण सुटे होतात. मग वाटायचं, पिळायचं, चोथा काढायचा, चीक खाली बसला की वरची निवळ ओतून द्यायची. मीठ घालून चीक घाटायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कुरडई पाडायची. पुढचं काम जळगावच्या 45 अंशांच्या कोरड्या उन्हाचं. शिजवणं, घट्ट होणं, वाळणं, सगळं आगाऊ झालेलं.

गहू भिजवून चीक काढणं फक्त आपल्याकडचंच नाही. रोमच्या कॅटोने ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात शेतीवर पुस्तक लिहिलं. कार्थेज उद्ध्वस्त करा म्हणून सतत टाहो फोडणारा तोच खडूस म्हातारा. त्या पुस्तकात तो सांगतो : गहू निवडून भिजत घाला, रोज दोनदा पाणी घाला, दहाव्या दिवशी निथळून पिळा, कापडातून गाळा, उन्हात वाळवा आणि दुधात शिजवा. चुलीभोवती वाट्या घेऊन बसलेली पोरं दूध-साखर घालून चीक खातात, त्याची ही जवळजवळ थेट कृती. यावरून कोणी कोणाकडून उचललं असा वाद घालू नये. गहू आणि पाणी दोन्हीकडे होतं.

आणि इन्स्टंट नूडल्सचा शोध आपल्या आज्यांनी लावला, असे संदेशही पुढे ढकलू नयेत. 1958 मध्ये जपानच्या मोमोफुकु आंदोने बाजारात आणलेल्या नूडल्स तेलात तळून वाळवलेल्या होत्या. तळताना पाण्याची वाफ बाहेर पडून त्यांत बारीक छिद्रं होतात, म्हणून त्या झटपट मऊ पडतात. कुरडईला अशी छिद्रं नसतात; तिची मदार बारीक तारेवर. तार निम्मी बारीक झाली तर पाणी आत शिरायला वेळ पावपट लागतो. जाड कुरडई घेऊन घाईत असलेल्यांनी हे ध्यानात घ्यावं.

तर ताई, नूडल्स आदल्या रात्री उकडून, गार पाण्याखाली धुऊन, चमचाभर तेल लावून फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात ओट्यावर अजिबात नको. काही जिवाणूंनी सोडलेलं विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. तेही जमलं नाही, तर कुरडईचा डबा काढा. चुरून गरम पाण्यात दहा मिनिटं, निथळून कांदा, लसूण, हिरव्या मिरचीच्या फोडणीत परतायची. आठच्या आत ताटं वाढून होतील. फक्त एक लक्षात असू द्या : गव्हातली बहुतेक प्रथिनं चोथ्याबरोबर गेली, कुरडईत राहिलं ते जवळपास निव्वळ पिष्ट. म्हणून भाजीत मूठभर शेंगदाणे घाला किंवा वर एखादं अंडं फोडा.