नेतृत्व शिकवता येते का?



तुमच्या गावात एखादे तरुण मंडळ असेलच. पहिल्या वर्षी उत्साह दांडगा असतो. वर्गणी जमते, गणपती बसतो, नाटक होते, वाचनालयाची पाटीही लागते. तिसऱ्या वर्षी मात्र त्याच पाटीखाली कुलूप दिसते. चौकशी केली तर उत्तर येते, "अहो, कपाटाची किल्ली अण्णांकडं, अन् अण्णा तर नोकरीला पुण्याला गेले!"

यात अण्णांना दोष देण्याचे कारण नाही. ते बिचारे रात्रंदिवस राबले. पण वर्गणी मागायची त्यांनी, हिशेब ठेवायचा त्यांनी, पाहुण्यांपुढे बोलायचेही त्यांनीच. बाकीच्या वीस पोरांनी सतरंज्या तेवढ्या उचलायच्या. गावाला एक पुढारी मिळाला, पण वीस माणसे घडायची राहून गेली.

आता तुम्ही म्हणाल, पुढारीपण काय शिकवून येते? ते जन्मालाच यावे लागते. स्वभावाचा भाग असतो, हे खरे. पण काम वाटून देणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, हिशेब चोख ठेवणे, चार माणसांपुढे आपले म्हणणे नीट मांडणे, या गोष्टी सवयीच्या आहेत, आणि सवय लावता येते. मात्र ती व्याख्यानाने लागत नाही. काठावर बसून कोणी पोहायला शिकले आहे काय?

ही गोष्ट ध्यानात घेऊन 1907 सालच्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडमधील ब्राउनसी नावाच्या बेटावर बेडन-पॉवेल यांनी एक छावणी भरवली. मुले सुमारे वीस. काही श्रीमंतांच्या शाळांतली, काही कामकऱ्यांच्या घरची. त्यांच्या चार तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीची जबाबदारी त्यांच्यातल्याच एका मुलावर सोपवली. बालवीर चळवळीचा उगम तो हाच.

आपल्याकडे ही चळवळ सुरुवातीला युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. म्हणून 1916 साली मद्रासेत ॲनी बेझंट यांनी आणि 1918 साली अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू प्रभृतींनी भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 रोजी, निरनिराळ्या स्काऊट संघटना 'भारत स्काऊट्स' या नावाखाली एकत्र आल्या. पुढच्या वर्षी गाईड मुलीही सामील झाल्या आणि 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था पूर्ण झाली. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिचे सात दिवसांचे शिबिर तुमच्यापैकी कित्येकांनी आपल्या गावात पाहिले असेल.

या साऱ्या शिक्षणाचे मर्म एका छोट्या गोष्टीत आहे. ती म्हणजे सहा ते आठ जणांची तुकडी. इतकेच का? कारण सहा-सात जणांत कोणाला लपता येत नाही आणि कोणी विसरलाही जात नाही. पन्नासांच्या घोळक्यात बुजरे पोर मागच्या रांगेत बसून राहते. तुकडीत त्याचा नंबर येतोच. एकाकडे शिधा, एकाकडे पाणी, एकाकडे औषधांची पेटी, एकाकडे रोजवही, एकाकडे पैशांचा हिशेब. नायकाने सगळे स्वतः करायचे नाही. सगळ्यांकडून होते की नाही, हे पाहायचे.

येथेच शिक्षकाची खरी कसोटी लागते. समजा, शिबिरात पहिल्या दिवशी भात करपला. गुरुजींचे हात शिवशिवतात, "सरका रे, मी करतो!" गुरुजी, तेवढे करू नका. चुलीचा भडका, विहीर, साप-विंचू, येथे तुम्ही स्वतः उभे राहिलेच पाहिजे; जिवाशी खेळ नको. पण करपलेल्या भाताने कोणी दगावत नाही. तो भात पोरांना खाऊ द्या. रात्री सगळ्यांना गोल बसवा आणि विचारा: काय चांगले झाले, काय बिघडले, उद्या काय बदलायचे? बोलणे कामाबद्दल असावे, माणसाबद्दल नव्हे. "गण्या बावळट आहे" असे म्हणायचे नाही. "जाळ मोठा झाला" असे म्हणायचे. दुसऱ्या दिवशीचा भात बहुधा बरा होतो, आणि तो मुलांचा स्वतःचा असतो.

आणखी एक सांगतो. मुलामुलींची एकत्र तुकडी असली की झाडू आणि चूल आपोआप मुलींच्या वाट्याला जाते, अन् वही आणि शिट्टी मुलांच्या. हे ठरवून मोडले पाहिजे. पाळ्या लावा. मुलाने भाकरी थापून पाहावी आणि मुलीने रोकड मोजून सही करावी.

यासाठी मोठे शिबिर किंवा सरकारी मदतच हवी असे नाही. एका शनिवारी सात मुले निवडा. आठवड्यात पुरे होईल असे एकच काम द्या: शाळेतल्या झाडांना आळी करणे, पाण्याची टाकी घासणे, वाचनालयाच्या पुस्तकांची यादी करणे. कोणी काय करायचे ते वहीत लिहा. पुढच्या शनिवारी प्रत्येकाने दोन मिनिटे उभे राहून आपल्या कामाचे सांगावे, आणि मग नायक बदलावा. बुजऱ्या मुलाला आधी हातांचे काम द्या. जे आपण स्वतः केले, त्याबद्दल बोलायला जीभ फारशी अडखळत नाही. सात शनिवारांत सातही जण एकेकदा नायक होतात, आणि हुकूम सोडणे सोपे असले तरी माणसे सांभाळणे अवघड, हेही सातही जणांना कळते.

शेवटी प्रमाणपत्र मिळते, बिल्ला मिळतो. ते मिळाल्याचा आनंद जरूर माना. पण परीक्षा तेथे संपत नाही. ज्या दिवशी नायक आजारी पडेल आणि तरीही काम वेळेवर होईल, त्या दिवशी तो नायक उत्तीर्ण झाला असे समजा.

तेव्हा आज घरी जाताना मंडळाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, एवढे विचारा. ती वर्षानुवर्षे एकाच खिशात असेल, तर पुढच्या शनिवारी दुसऱ्याच्या हाती द्या. आणि तो हात एखाद्या लाजऱ्या पोराचा किंवा पोरीचा असला, तर फारच उत्तम.