भात पोटरीला आले, आता रान सांभाळा

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की घरातली माणसे काय करतात? तिला जड उचलू देत नाहीत, वेळेवर जेवू घालतात, धक्का लागू नये म्हणून जपतात. इगतपुरीच्या खाचरांत गौरी-गणपती गेले की भाताचीही तीच वेळ येते. बुंधा गोल फुगतो, शेवटचे पान ताठ उभे राहते आणि आत लोंबी वाढू लागते. "भात पोटरीला आले" असे आपण म्हणतो ते याचसाठी.

पण होते काय? आवणीला कंबर मोडेपर्यंत राबलेले घर आता जरा टेकते. रान हिरवेगार दिसते, मग काळजी कसली? बंधूभगिनींनो, चूक होते ती इथेच. पोटरीपासून दाण्यात चीक भरेपर्यंतचे तीन आठवडे वर्षाचा तांदूळ ठरवतात. या दिवसांत झालेले नुकसान मागाहून कोणत्याही खताने भरून येत नाही.

फूल उमलते कधी?

भाताचे फूल कोणाच्या नजरेत भरत नाही. पण स्वच्छ उन्हाच्या दिवशी सकाळी नऊ ते बाराच्या सुमारास बांधावर बसून लोंबी नीट पाहा. दाण्याची टरफले उघडलेली दिसतील आणि बाहेर सहा पिवळसर पुंकेसर लोंबतील. तासाभरात टरफले पुन्हा मिटतात. तेवढ्यात परागकण बसला तर दाणा, नाहीतर फोल! लोंबी शेंड्याकडून खाली फुलत जाते आणि एका लोंबीला साधारण आठवडा लागतो.

म्हणून या दिवसांत सकाळी रानात फवारणी करू नये. अगदीच गरज पडली तर दुपार उलटल्यावर करावी. सुरळीतील अळी पाडण्यासाठी आपण पिकावरून दोर ओढतो, तो आता अजिबात ओढू नये. गुरे बांधावर सोडू नयेत.

पाणी हेच पहिले औषध

आपल्या तालुक्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. दारणा, मुकणे, भावली ही धरणे आपल्याच उशाशी आहेत. तरीही उत्तरा नक्षत्र कोरडे गेले आणि हत्तीनेही पाठ फिरवली की उतारावरची खाचरे आठवड्यात भेगाळतात. नेमकी तीच फुलोऱ्याची वेळ असते. ताण बसला तर लोंबी पानातून पुरती बाहेर पडत नाही आणि दाणे पोचट राहतात.

पोटरीपासून चीक भरेपर्यंत खाचरात पाच ते दहा सेंटिमीटर पाणी उभे ठेवावे. रोज सकाळी एक फेरी बांधावरून मारावी. खेकड्यांनी पाडलेली बिळे दगड-चिखलाने ठेचून बुजवावीत. एका बिळातून रातोरात खाचर रिकामे होते. ओहोळाचे पाणी वरच्या खाचरात वळवून ते एकातून दुसऱ्यात खेळते ठेवावे. शेजाऱ्याशी पाण्याची पाळी आताच बोलून ठरवावी, भांडणाची वेळ येऊ देऊ नये. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी मात्र सगळे पाणी काढून टाकावे.

युरियाचा मोह नको

पान जरा फिकट दिसले की हात युरियाच्या गोणीकडे जातो. नत्राचा शेवटचा हप्ता लोंबी धरण्याच्या वेळी, म्हणजे पोटरीच्या आधीच द्यायचा असतो. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीने ज्यांनी आवणीलाच युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचल्या आहेत, त्यांना तर वरखताची गरजच नाही. उशिरा दिलेल्या युरियाने पान लुसलुशीत होते आणि करपा व तुडतुडे यांना आयतेच आमंत्रण मिळते.

पांढरी लोंबी ओढून पाहा

हिरव्या रानात पांढरी लोंबी दिसली की दुकानात धावू नये. आधी ती हळूच ओढून पाहावी. सहज उपटून आली आणि बुडाशी कुरतडलेली असेल, तर तो खोडकिडा. लोंबीची मान तपकिरी-काळी पडून तिथेच मोडत असेल, तर तो मानमोडी करपा. मान हिरवी, लोंबी अर्धवट बाहेर आणि दाणे रिकामे असतील, तर पाण्याचा ताण. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. एकाचे औषध दुसऱ्यावर मारले तर पैसा जातो आणि रोग राहतो.

चुडाच्या बुंध्याशीही वाकून पाहावे. तपकिरी तुडतुडे तिथेच बसतात, वरून दिसत नाहीत. ढग, धुके आणि दव सलग राहिले तर करप्यावर जास्त लक्ष ठेवावे. शंका आली तर रोगट चूड घेऊन तालुक्याचे कृषी कार्यालय किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे इगतपुरी येथील संशोधन केंद्र गाठावे. औषध आणि त्याचे प्रमाण त्यांच्याकडूनच घ्यावे.

घरचे बियाणे याच दिवसांत

आता एक काम खास घरातल्या बायांसाठी, कारण त्यांची नजर यात तरबेज असते. लोंबी बाहेर पडताना भेसळ लगेच ओळखू येते. एखादे झाड उंच, एखादे आधीच फुललेले, एखाद्याला कुसळे. बियाण्यासाठी रानाचा चांगला तुकडा निवडून त्यातली अशी झाडे मुळासकट उपटावीत. इंद्रायणीसारख्या सुधारित वाणाचे बियाणे असे घरी राखता येते, कारण भात स्वतःच्याच परागावर धरतो. ही इंद्रायणी वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आपला आंबेमोहर १५७ आणि फिलिपीन्सहून आलेला आय. आर. ८ यांच्या संकरातून तयार झाली आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांना मिळाली. संकरित भाताचे बियाणे मात्र दरवर्षी नवेच घ्यावे लागते.

फुलोऱ्यानंतर साधारण महिन्याभरात भात कापणीला येते. तेव्हा घोटीच्या गिरणीत पोते रिकामे होईल आणि पाखडताना सुपात तांदूळ जास्त की फोल जास्त, हे दिसेल. त्याचा निकाल आज खाचरात लागतो आहे. वाचकहो, हे पान वाचून झाले की खोरे खांद्यावर टाका आणि बांधावरून एक फेरी मारून या.