टपावर, पाठीवर की पोटात?

सायकलवाल्याची छोटी गाडी : भाग सहावा

डिझेल आणि हायब्रिडचा हिशेब आज मांडायचं कबूल केलं होतं. तो एक आठवडा पुढे ढकलतो, कारण सिडकोतल्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्याचं उत्तर आधी द्यायला हवं. नवरा-बायको दोघंही सायकलवाले. रविवारचा त्र्यंबक रस्ता आता पायाखालचा झाला, म्हणून सायकली गाडीत टाकून सापुतारा, भंडारदरा गाठायचं आणि तिथून पुढे सायकल चालवायची असा बेत आहे. ते लिहितात, ‘वॅगनआर सीएनजी जवळजवळ नक्की केली आहे. कंपनी किलोला चौतीसचं अ‍ॅव्हरेज सांगते. डिकीत टाकी येते, म्हणून सायकलींसाठी टपावर कॅरिअर बसवून घेऊ. बरोबर ना?’

गाडी बरोबर. कॅरिअरचं मात्र थांबा.

सायकल गाडीवर तीनच ठिकाणी जाते: टपावर, पाठीवर म्हणजे डिकीच्या दाराबाहेर, नाहीतर पोटात. गाडी निवडताना आपण इंजिन बघतो, रंग बघतो, हप्ता बघतो. सायकल कुठे बसणार हा प्रश्न गाडी दारात आल्यावर पडतो, आणि तोपर्यंत अ‍ॅव्हरेजचा निम्मा निकाल लागलेला असतो.

चौतीसचा आकडा कुठून आला ते आधी बघू. गाडीची इंधन चाचणी एआरएआयसारख्या संस्थेत होते. ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, वेताळ टेकडीच्या अंगाला. चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही. तिची चाकं रोलरवर फिरतात, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग वरखाली होतो आणि जास्तीत जास्त ताशी ९० पर्यंत जातो. रोलरवर वारा कुठून येणार? त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडतात, ती किती लवकर मंदावते ते मोजतात आणि तेवढाच विरोध रोलरला लावतात. त्या वेळी गाडीचा टप मोकळा असतो. म्हणजे ३४.०५ हा आकडा मोकळ्या टपाचा आहे. तुमच्या दोन सायकली त्यात कुठेच नाहीत.

आता वाऱ्याचा हिशेब. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी १०० ला जेवढा विरोध, त्याच्या निम्माच ताशी ७० ला. १२० ला तो जवळपास दीडपट होतो. लहान हॅचबॅकच्या टपावर दोन सायकली उभ्या केल्या, की त्यांचे दांडे, हँडल, पेडल, बाटलीचा पिंजरा असं सगळं वाऱ्यात येतं. यातली एकही वस्तू वारा कापायला घडवलेली नाही. माझा ढोबळ हिशेब सांगतो. ताशी १०० ने लिटरला २० देणारी गाडी दोन सायकली टपावर घेऊन १६ च्या आसपास येते. तीच गाडी ७० ने चालवली, तर सायकलींमुळे पडणारा जादा भार निम्मा होतो.

यावर विश्वास बसत नसेल तर अमेरिकेच्या सरकारी खात्यांनी वाहनचालकांसाठी दिलेले आकडे बघा. टपावर सामानाची मोठी पेटी लावली, तर अ‍ॅव्हरेज शहरात २ ते ८ टक्के घटतं, महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि ताशी १०५ ते १२० च्या वेगात १० ते २५ टक्के. तीच पेटी गाडीच्या मागे लावली, तर शहरात १ ते २ आणि महामार्गावर १ ते ५ टक्के. हे आकडे पेटीचे आहेत, सायकलीचे नाहीत. पण टप आणि पाठ यांतला फरक त्यातून कळतो.

इथे कुणीतरी म्हणणारच, ‘अहो, एसटीच्या टपावर सायकली जायच्याच की!’ जायच्या. मागच्या शिडीने हमाल खांद्यावर सायकल घेऊन चढायचा, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी ती आडवी टाकायचा आणि कंडक्टर सामानाचं तिकीट फाडायचा. माझ्या पिढीच्या कितीतरी सायकली अशाच गावी गेल्या. पण एसटीचं तोंडच भिंतीएवढं. त्यात आडव्या टाकलेल्या सायकलीने कितीशी भर पडणार? शिवाय तेव्हाच्या एसटीचा वेग! घाटात तर सायकलवालाच तिच्या बरोबरीने जायचा. लहान गाडीचं उलटं असतं. तिचा आकार मुळात छोटा, इंजिन छोटं, म्हणून टपावरचा प्रत्येक दांडा तिला जाणवतो.

दुसरं चित्र डोक्यात बसलंय ते शर्यतींचं. २०१५ साली आपल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पुरी केली. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यापासून अटलांटिकच्या बाजूपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. तेव्हापासून नाशकात लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं वारं आहे, आणि सायकलस्वाराच्या मागे मदतीची गाडी हवी हे पोराटोरांनाही माहीत झालंय. मोठ्या शर्यतींत अशा गाड्यांच्या टपावर सायकली दिसतात, त्याला कारण आहे. स्वाराची सायकल मोडली, की मेकॅनिकने काही सेकंदांत दुसरी खाली काढून द्यायची असते. गाडी बराच वेळ स्वाराच्या वेगाने चालते, आणि पेट्रोलचा खर्च त्या हिशेबात कुणी धरतच नाही. आपल्याला सेकंदाची घाई नसते. आपण रिकाम्या महामार्गावर १०० ने जातो आणि पंपावर पैसे आपणच देतो.

त्यात आता समृद्धी. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. मोटारीला ताशी १२० ची मुभा. टपावर सायकली घेऊन नागपूरला निघालात, तर ती मुभा वापरू नका. अ‍ॅव्हरेज बाजूला ठेवा, उघड्या माळावरचा आडवा वारा गाडीला ढकलतो. आणि एक सांगतो, पोचल्यावर हॉटेलच्या तळघरात गाडी घालण्याआधी वर बघा. वॅगनआरची उंची १.६७ मीटर, वर उभी सायकल धरली तर अडीच मीटरच्या पुढे जाते. तळघराच्या तोंडाची आडवी कांब सायकल बघत नाही.

टपाबद्दल शेवटचं. काही गाड्यांच्या टपावरच्या चकचकीत पट्ट्या नुसत्या शोभेच्या असतात, त्यांच्यावर भार टाकायचा नसतो. टप किती किलो पेलतो ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. कॅरिअरचं वजनही त्यातच धरायचं.

पाठीवरचं कॅरिअर वाऱ्याच्या दृष्टीने बरं. पट्ट्यांनी डिकीच्या दाराला अडकवायचं, स्वस्तही मिळतं. पण वॅगनआरची रुंदी १६२ सेंटिमीटर आणि सायकलीची लांबी १७० ते १७५. आडवी लावली, की दोन्ही बाजूंनी चाक बाहेर डोकावतं आणि द्वारका सर्कलच्या गर्दीत दुचाकीवाल्यांच्या गुडघ्याशी जातं. म्हणून पुढचं चाक काढून लावायचं. मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकली जाता कामा नये. युरोपात अशा कॅरिअरवर दिव्यांसह दुसरी नंबर प्लेट लावायची पद्धत आहे, आपल्याकडे तशी सोय सर्रास मिळत नाही. आणि कॅरिअरचा आकडा डिकीवरच्या प्लास्टिकच्या स्पॉयलरला कधीही अडकवू नका. पत्र्याच्या कडेलाच अडकवा.

उरलं पोट. पोटातल्या सायकलीला वारा लागत नाही, पाऊस लागत नाही, चोर लागत नाही. अ‍ॅव्हरेजवर परिणाम होतो तो फक्त दोन सायकलींच्या वीस-पंचवीस किलोंचा, आणि तो सपाटीला कळतही नाही.

पण पोट कसं मोजायचं? कॅटलॉगमधल्या लिटरवर जाऊ नका. तो आकडा बहुधा एकेक लिटरचे ठोकळे डिकीत रचून काढतात, २० बाय १० बाय ५ सेंटिमीटरचे, आणि तेही मागची सीट उभी असताना. सायकलीचे ठोकळे होत नाहीत. डिझायरची डिकी वॅगनआरच्या ३४१ लिटरहून मोठी आहे, पण तिच्या मागच्या सीटची पाठ दुमडत नाही, त्यामुळे सायकलवाल्याला ती उपयोगाची नाही. शोरूममध्ये टेप घेऊन तीन मापं काढा. पाठ दुमडल्यावर पुढच्या सीटपासून डिकीच्या दारापर्यंत किती लांबी मिळते, दाराची चौकट सगळ्यात अरुंद जागी किती आहे आणि चौकटीची उंची किती. पुढचं चाक काढलेली सायकल साधारण १३५ ते १४० सेंटिमीटर भरते. दोन्ही चाकं काढली, तर १०० ते १०५.

आतल्या जागेचा विषय निघाला, की मला होंडा जॅझबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे ती २००९ मध्ये आली, २०१५ मध्ये नव्या रूपात पुन्हा आली आणि आता बंद झाली. तिची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आहे. त्यामुळे मागच्या सीटखालची जागा मोकळी सुटली, आणि तिथे होंडाने अशी सीट बसवली की नुसती पाठ पडत नाही, बैठकसुद्धा सिनेमा थिएटरातल्या खुर्चीसारखी वर उचलली जाते. पुढचं चाक काढलेली सायकल तिथे आडवी न पाडता उभी राहते आणि डिकी तशीच मोकळी उरते. चार मीटरच्या आत याहून हुशार मागची सीट मी पाहिली नाही. ही सोय सगळ्या जॅझमध्ये नव्हती, म्हणून जुनी घेताना बैठक स्वतः उचलून बघा.

घरात चार माणसं आणि सायकलींची हौस असेल, तर रेनॉ ट्रायबर बघा. ३,९९० मिलिमीटर, म्हणजे करसवलतीच्या चार मीटरच्या रेषेला जेमतेम दहा मिलिमीटर राखून. तिसरी रांग काढून घरी ठेवता येते आणि ६२५ लिटर जागा होते. अ‍ॅव्हरेजमध्ये वॅगनआर पुढे, जागेत ट्रायबर.

आता पत्रलेखकांचं उत्तर. तुमची रोजची ये-जा सिडको ते सातपूर आहे आणि गाडीतून सायकली महिन्याकाठी एखाद-दोनदा जाणार. मग सीएनजीच घ्या. टाकी डिकीत, सीटच्या मागे आडवी असते, म्हणून डिकीतून सायकल लांबीला सरकवता येणार नाही. ती मागच्या दारातून सीटवर न्यायची, दोन्ही चाकं काढून. तुमच्या दोघांच्याही सायकलींना क्विक रिलीज आहे, म्हणजे पाना लागत नाही. टुलिओ काम्पान्योलो या इटालियन सायकलपटूची गोष्ट सांगतात. त्या काळी गिअर बदलायला मागचं चाकच काढून उलटं लावायचे. १९२७ च्या नोव्हेंबरात एका घाटात थंडीने त्याची बोटं इतकी बधिर झाली की नट सुटेनात, शर्यत हातची गेली, आणि त्यातून पुढे ही एका दांडीने सुटणाऱ्या चाकाची युक्ती निघाली. आज तिचा उपयोग तुमच्या सीएनजीच्या टाकीवर मात करायला होतोय.

क्रम असा ठेवा. चेन मागच्या सगळ्यात लहान चक्रीवर आणा, मगच मागचं चाक सोडा. डिस्क ब्रेक असेल तर चाक निघाल्यावर दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवा. चुकून ब्रेक दाबला गेला, तर पॅड जवळ येतात आणि चाक परत जाता जात नाही. सीटवर जुनी सतरंजी. पहिला सांगाडा पाठीला टेकवून, डेरेलर वरच्या बाजूला राहील असा. मध्ये चादर, मग दुसरा सांगाडा उलट्या तोंडाने. चारही चाकं पुढच्या सीटमागे उभी. माउंटन बाइकचं रुंद हँडल आडवं येत असेल तर स्टेमचे बोल्ट सैल करून ते सांगाड्याला समांतर फिरवा. मग सगळं पट्ट्याने आवळा, कारण ब्रेक लागला की सुटी सायकल पुढे येते.

यात तिसरं माणूस बसणार नाही. सासूबाई किंवा लेक सोबत येणार असतील, तर पेट्रोलची वॅगनआर घ्या. लिटरला २४.३५, डिकी मोकळी, आणि मागची सीट ६०:४० दुमडणारं व्हेरिअंट मागून घ्या. एक सायकल लांब बाजूने आत, दुसरी पाठीवर. टप दोन्हीकडे रिकामाच.

बुकिंगला जाताना एक सायकल बरोबर न्या. सेल्समन आधी तुमच्याकडे बघेल, मग सायकलीकडे. आत जाते का ते त्याच्यासमोर करून बघा, चाक काढण्यापासून दार लागेपर्यंत. दार लागलं तरच टोकन द्या. ट्रायबरमध्ये सायकली नेणाऱ्या वाचकांनी तिसरी रांग काढून टेपने मोजलेली लांबी कळवावी, पुढच्या कोष्टकात घेतो.

पुढच्या रविवारी डिझेल आणि हायब्रिड. मध्येच आणखी एखादं पत्र आलं नाही तर.