अंतरावरचा नाताळ

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

नाताळ २५ डिसेंबरला असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु आम्हा ख्रिस्ती लोकांचा नाताळ त्याच्या चार आठवडे आधी सुरू होतो, हे आमच्या शेजारपाजारच्या मंडळींनाही पुष्कळदा माहीत नसते. त्या दिवसांना इंग्रजीत 'ॲडव्हेंट' म्हणतात, मराठीत आम्ही 'आगमनकाळ' म्हणतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'येणे' एवढाच. कोणीतरी येणार आहे, अजून आलेले नाही, तोवर घर झाडून-पुसून, मनही थोडे झाडून वाट पाहायची, असा हा काळ. चर्चमध्ये धर्मगुरूंचा झगा या दिवसांत जांभळा असतो. तिसऱ्या रविवारी तो गुलाबी होतो. निम्मी वाट सरली, आता थोडे हसायला हरकत नाही, असे तो रंग सांगतो.

२०२० साली हा आगमनकाळ २९ नोव्हेंबरला सुरू झाला. करोनाचे ते वर्ष. त्या चार आठवड्यांत आणि त्यानंतरच्या नाताळात आमच्या वसईतील समाजाने काय केले, ते आज सांगायचे आहे. साथ ओसरली, मुखपट्ट्या कपाटात गेल्या. पण त्या वर्षी पुढे आलेला एक प्रश्न मात्र अजून संपलेला नाही. एकत्र येता आले नाही, तर समाज समाज राहतो का?

हा प्रश्न आम्हाला एवढा का बोचला, ते आधी समजून घेऊ या. चर्च म्हटले की आपल्याला इमारत आठवते. बायबलच्या ग्रीक भाषेत त्यासाठी 'एक्लेसिया' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे सभा, बोलावून जमलेली माणसे. म्हणजे भिंती नंतर आल्या, माणसे आधी. घरी बसून एकट्याने केलेली प्रार्थना आम्हालाही प्रिय आहेच. पण मिस्सा ही मुळात पंगतीसारखी आहे. एक भाकर मोडायची आणि ती सर्वांनी वाटून घ्यायची. पंगतीतल्या माणसांना एकमेकांपासून लांब बसवता येईल. पण प्रत्येकाला आपापल्या घरी बसवून पंगत झाली असे म्हणता येईल का?

वसईतील ख्रिस्ती वस्ती साडेचारशे वर्षांहून जुनी आहे. घरात कोणी कादोडी बोलतो, कोणी वाडवळी, कोणी कोळी बोली. चर्चमध्ये मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५च्या पुढे, मराठीतून उपासना रुजली. एवढ्या वेगवेगळ्या बोलींची माणसे एका सुरात येतात ती तिथेच. आणि सूर म्हटला की नाताळ. डिसेंबर लागला की गायनमंडळाचा सराव, तरुणांचे गोठे बांधणे, बायकांचे करंज्या-कलकल तळायला एकमेकींकडे जाणे, हे सारे गर्दीचेच सण आहेत.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि प्रार्थनास्थळांची दारे बंद झाली. त्या वर्षीचा ईस्टर, १२ एप्रिलचा, आम्ही घरातच पाहिला. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. आम्हाला वाटले, चला, आगमनकाळाच्या तोंडावर दारे उघडली. परंतु नाताळ जवळ आला तसे नियम पुन्हा घट्ट झाले. महानगरपालिकांच्या हद्दीत २२ डिसेंबरपासून रात्री अकरा ते सकाळी सहापर्यंत संचारबंदी लागली. वसई-विरार त्यात आलेच. म्हणजे मध्यरात्रीची मिस्सा गेली. चर्चमध्ये एका वेळी ५० माणसे, साठीच्या पुढच्यांनी आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी घरीच थांबावे, मिरवणुका नकोत, अशा सरकारी सूचना आल्या.

आकडेमोड सोपी होती आणि म्हणूनच कठीण होती. आमच्या धर्मग्रामात माणसे हजारांनी मोजायची. दिवसभरात सहा मिस्सा केल्या तरी आत जाणार तीनशे. मग कोणाला बोलवायचे? वाडीवाडीतल्या प्रार्थनासमूहांनी याद्या केल्या. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला होता त्या घराचे नाव पहिले, असे ठरले. ते कोणी फर्मान काढून ठरवले नाही. दोन-तीन वाड्यांतून एकच सूचना आली आणि कोणाचाही विरोध झाला नाही. टाळेबंदीच्या काळात अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी असे. आमच्या गायनमंडळातला खर्जाचा एक आवाज त्याच वर्षी गेला. तीस वर्षे तो आमच्या मागच्या रांगेत उभा राहायचा आणि त्याच्यासाठी गायला आम्हाला उभे राहता आले नाही. अशा घरांना रिकाम्या हाताने नाताळात ढकलायचे नाही, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

गाण्यावर एवढी बंधने कशासाठी, असे तेव्हा अनेकजण विचारत. त्याचे कारण अमेरिकेत सापडले होते. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यात १० मार्च २०२० रोजी एका गायनमंडळाचा अडीच तास सराव झाला. ६१ माणसे हजर होती. त्यांतली ५३ आजारी पडली, दोघे दगावले. जोराने गाताना तोंडातून अतिसूक्ष्म कण मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात आणि बंद जागेत हवेत तरंगत राहतात, हे त्या अभ्यासातून जगाला कळले. आमचे तीस जणांचे गायनमंडळ त्या नाताळात चौघांवर आले. चौघेही खिडक्यांपाशी, एकमेकांपासून लांब. बाकीच्यांनी ओठ मिटून गाणे ऐकायचे. गाणाऱ्या माणसाला ही शिक्षा काय असते, ते गाणाऱ्यालाच ठाऊक.

मग घरी काय झाले? इथे आगमनकाळाची एक जुनी रीत उपयोगी पडली. हिरव्या डहाळ्यांचे एक कडे करायचे, त्यावर चार मेणबत्त्या लावायच्या आणि दर रविवारी एक-एक वाढवत पेटवायची. पहिल्या रविवारी एक, चौथ्या रविवारी चार. ही रीत फार प्राचीन नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात योहान विखर्न नावाचे एक पाळक गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असे मुले रोज विचारत, म्हणून त्यांनी १८३९ साली गाडीचे एक चाक घेतले आणि त्यावर दिवसांच्या छोट्या आणि रविवारांच्या मोठ्या मेणबत्त्या लावल्या. म्हणजे मुळात ते वाट पाहण्याचे घड्याळच! आमच्याकडे हे कडे एरवी वेदीजवळ असते. २०२०मध्ये ते घराघरांत झाले. किनाऱ्यावर सुरूची झाडे आहेतच. त्यांच्या डहाळ्या, एक पितळी ताट आणि चार मेणबत्त्या. आगमनकाळाच्या रविवारी संध्याकाळी सातला चर्चची घंटा वाजायची आणि घराघरांत एकाच वेळी मेणबत्ती लागायची. ओसरीवरून पाहिले की पलीकडच्या घरात उजेड दिसे. भेट नव्हती, पण 'तेही आता हेच करत आहेत' एवढे नक्की कळत होते.

मोबाइलच्या पडद्यावरची मिस्सा हाही एक आधार होता. आमच्या शेजारच्या आजींकडे साधा फोन होता. रोज सकाळच्या मिस्सेला सर्वांत आधी येणाऱ्या त्या. आणि घरी थांबा म्हणून सांगितले तेही प्रथम त्यांच्याच वयाच्या लोकांना. शेजारचा मुलगा आपला फोन त्यांच्या खिडकीच्या गजांना टेकवून ठेवायचा आणि स्वतः अंगणात थांबायचा. आजी पडद्यासमोर डोक्यावर पदर घेऊन बसायच्या आणि उठायचे तिथे उठायच्या, गुडघे टेकायचे तिथे टेकायच्या.

पण पडद्यावरून भाकर हातात येत नाही. कॅथलिक परंपरेत यासाठी 'आध्यात्मिक कम्युनियन' नावाची एक प्रार्थना आहे: प्रत्यक्ष ग्रहण करता येत नाही, तरी मनाने ये, अशी विनवणी. आजाऱ्यांसाठी ती पूर्वीपासून आहे. २०२०च्या वसंतात पोप फ्रान्सिस रोज सकाळी प्रक्षेपित होणाऱ्या मिस्सेत ही प्रार्थना म्हणून घेत आणि ती जगभर पोचली. त्याच वर्षी सप्टेंबरात व्हॅटिकनच्या उपासना विभागाचे कार्डिनल सारा यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. प्रक्षेपणाने आजाऱ्यांची मोठी सेवा होते. पण कोणतेही प्रक्षेपण प्रत्यक्ष सहभागाची जागा घेऊ शकत नाही, असा त्याचा आशय. मला ही दोन्ही पावले एकत्र पाहावीशी वाटतात. पहिल्याने उपाशी माणसाला धीर दिला. दुसऱ्याने उपासालाच जेवण म्हणू नका, असे बजावले.

हे केवळ वसईचे नव्हते. इटलीत रात्री दहाची संचारबंदी असल्यामुळे रोमच्या सेंट पीटर्समध्ये पोपची नाताळ मिस्सा २४ डिसेंबरला संध्याकाळी साडेसातला झाली, दोनशेहून कमी माणसांत. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधली नाताळगीतांची उपासना पहिले महायुद्ध संपले त्या १९१८ सालापासून चालू आहे आणि १९२८पासून ती रेडिओवर जगभर ऐकली जाते. २०२०मध्ये तिथे बाके रिकामी होती, पण गाणे प्रसारित झाले. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा वांद्र्याच्या गावठाणांत रस्त्याकडेला क्रूस उभारले गेले आणि लोक त्यांच्यापुढे उघड्यावर प्रार्थनेला उभे राहू लागले. त्यांतले काही क्रूस आजही तिथे आहेत. जाता-येता आपण ते पाहतो, पण त्यांचे कारण विसरून गेलो आहोत.

याहून लांबची ताटातूट जपानी ख्रिस्ती लोकांनी सोसली. तिथे १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. धर्मगुरू हाकलले गेले, मारले गेले. पुढे दोनशेहून अधिक वर्षे या लोकांना ना चर्च होते, ना मिस्सा, ना धर्मगुरू. शेतकरी आणि कोळी होते ते. त्यांनी गुपचूप दोन गोष्टी सांभाळल्या. गावातला एक जण बाळांना बाप्तिस्मा देई आणि एक जण पंचांग ठेवी. १८६५ साली नागासाकीत परदेशी लोकांसाठी नवे चर्च उभे राहिले. १७ मार्चला उराकामी गावचे दहा-पंधरा लोक तिथे आले आणि फादर पेतिजाँ या फ्रेंच धर्मगुरूंना हळूच म्हणाले, आमचे आणि तुमचे मन एकच आहे. पुढे त्यांनी सांगितले की, हिमाच्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी आम्ही प्रभूचा जन्म पाळतो, तो मध्यरात्रीच्या सुमारास गोठ्यात जन्मला. आणि सध्या दुःखाच्या काळाचा सतरावा दिवस चालू आहे. दुःखाचा काळ म्हणजे आमचा उपवासकाळ. त्या वर्षी तो १ मार्चला सुरू झाला होता. मोजून पाहा, १७ मार्च हा बरोबर सतरावा दिवस! एवढ्या वर्षांच्या एकटेपणात एका दिवसाचीही चूक नाही.

त्या पंचांगवाल्या माणसाविषयी मला अपार आदर आहे. एकत्र असणे म्हणजे एका जागी असणे, एवढेच आपण धरून चालतो. त्या माणसांना जागा नव्हती, म्हणून त्यांनी वेळ सांभाळली. जगात कुठेतरी आपले लोक आज हाच दिवस पाळत आहेत, एवढ्या भरवशावर सात-आठ पिढ्या तगल्या. सात वाजताची घंटा आणि सुरूच्या डहाळ्यांतली मेणबत्ती ही त्याचीच छोटी आवृत्ती होती. म्हणून त्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: समाज वेगळा राहून टिकतो, जर त्याची वेळ एक असेल आणि कोणीतरी कोणाची तरी नावे लक्षात ठेवत असेल तर. मात्र तो टिकतो तो वाट पाहत. भेटीची गरज संपली म्हणून नव्हे. उराकामीचे लोकही शेवटी जीव धोक्यात घालून त्या दारापाशी आलेच.

आता चर्चची दारे उघडी आहेत. मध्यरात्रीची मिस्सा होते, गायनमंडळात तीसाच्या वर आवाज आहेत. पण आपल्या प्रत्येक आळीत अशी माणसे आहेत, ज्यांच्यासाठी २०२० कधी संपलेच नाही. अंथरुणाला खिळलेले, जिना न उतरू शकणारे, आजाऱ्याच्या उशाशी बसलेले. हे फक्त ख्रिस्ती घरांपुरतेही नाही; गणपतीत, ईदेत, दिवाळीतही ती माणसे खिडकीतूनच सण पाहतात. २०२०मध्ये आपण सर्वजण त्या खिडकीत उभे होतो, तेव्हा त्यांच्यासाठी याद्या झाल्या, फोन लागले, खिडकीच्या गजांना मोबाइल टेकवले गेले. आमच्या धर्मग्रामात एक गोष्ट तेव्हापासून चालू राहिली आहे. आगमनकाळाच्या चारही रविवारी मिस्सेनंतर चार-पाच जण घराबाहेर पडू न शकणाऱ्यांकडे कम्युनियन घेऊन जातात आणि त्यांच्या कड्यावरची त्या रविवारची मेणबत्ती त्यांच्याच हातून पेटवून घेतात. दहा मिनिटांचे काम आहे. यंदा आगमनकाळ सुरू झाला की माझ्या वाट्याला दोन घरे आहेत.